पाचवा 'का'

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये क्वालिटीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी जरा हवेतच होते. कायझेनचं ट्रेनिंग घेतलेली सबंध शेडमध्ये मी एकटी. कामात रोज थोडी सुधारणा करायची, आणि चूक झाली की माणसावर न घसरता पाच वेळा 'का' विचारायचं, एवढा त्याचा मंत्र. तो मी भिंतीवरही चिकटवला होता.

मग ब्रॅकेटची भोकं दोन मिलिमीटरनं चुकायला लागली. मार्किंग करायचे रत्नागिरीकडचे चाचा, साठीला आलेले. मॅनेजर म्हणाला, "आंखें गयी उनकी. व्हिसा रिन्यू नहीं करेंगे, खलास." मी हट्टानं एक दिवस मागून घेतला.

चाचांना पहिला 'का' विचारला आणि ते भडकलेच. "सरळ बोल ना बाय, चूक माझी. वकिलासारखं का-का काय लावलंस?" वडीलधाऱ्यांना 'का' विचारणं म्हणजे आपल्यात उलट बोलणंच, हे ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. मी वही मिटली आणि म्हटलं, "चाचा, मला मार्किंग शिकवा."

त्यांनी टेप लावून रेघ मारली. मी माझ्या टेपनं मोजलं, तर दोन मिलिमीटरचा फरक. त्यांच्या टेपचं टोकाचं हूक वाकलं होतं. भोक का चुकलं, रेघ का चुकली, टेप का चुकली. मनातल्या मनात तीन झाले.

"मग नवी टेप का नाही घेतली?"

"स्टोअरवाला देत नाय. जुनी तुटली तरच नवी, असा रूल आहे. ही तुटली कुठे?"

"असला रूल का केला पण?"

चाचा जरा घुटमळले. "तूच केलास ना, बाय. लास्ट इयर. सेव्हिंगसाठी. सर्टिफिकेट पण भेटला तुला."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तो रूल मी साफ विसरले होते; माझे कान तापले. वाकलेली टेप पर्समध्ये टाकून मी ऑफिसात गेले आणि रिपोर्टात 'मूळ कारण' या रकान्यात माझंच नाव लिहिलं. मॅनेजरनं दोनदा वाचलं, टेप उलटसुलट करून पाहिली आणि चाचांच्या व्हिसा रिन्यूअलच्या कागदावर सही केली.

आता शेडमध्ये नवीन माणूस आला की चाचा त्याला माझ्यापाशी आणतात. "ये मॅडम ने खुद की गलती पकडी," म्हणतात. सर्टिफिकेट कुठे ठेवलंय ते मला आठवत नाही. चाचांचं हे वाक्य मात्र मी घरी सगळ्यांना ऐकवलं आहे, काहींना दोनदा.