रत्नमालेने कापलेलं सूत

रत्नमाला साळवे सकाळी साडेपाचला मोटरसायकलवर निघते, तेव्हा आमच्या पडेगावच्या गल्लीत कुणाला गजर लावावा लागत नाही. तिची कंपनी शेंद्र्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपनीची बस आमच्याकडे फिरकतही नाही. गाडी आहे म्हणून नोकरी आहे.

जानेवारीत मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक काढून बसवलं आणि त्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढू लागली. पंधरा दिवस ही बाई हँडल दाबून धरत शेंद्र्याला जात होती, मनगटं सुजली. मेकॅनिकने एक नजर टाकून निकाल दिला, "चेसिस वाकलीय. विकून टाका." हात लावायचे कष्टही घेतले नाहीत शहाण्याने! नवरा अभय माणूस भला, पण घाबरट. त्याने खुलताबादचं गिऱ्हाईक रविवारी दुपारी बोलावलंसुद्धा.

"आन् माझ्या ड्यूटीचं काय?"

"बघू."

"बघू म्हंजी घरी बस. चेसिस वाकली का नाय, आधी मी बघते."

रविवारी सकाळी तिने गाडी अंगणात मधल्या स्टँडवर घेतली. मागच्या चाकापाशी चेन ताणायला दोन्ही बाजूंना खुणा असतात. डावीकडे पाचवी खूण, उजवीकडेही पाचवी. म्हणजे चाक सरळ, आणि मेकॅनिक खरा.

सासरे कचरू बाजेवरून बघत होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. एक डोळा मिटून म्हणाले, "दोन सूत असंल."

रत्नमाला तडक घरात गेली, त्यांच्या थैलीतलं ओळंब्याशेजारचं, भिंतीची रेघ सरळ धरायचं सूत काढलं, विळीवर मधोमध कापलं आणि दोन दोऱ्या घेऊन बाहेर आली.

म्हातारा उठूनच बसला. "अगं, सूत कापलंस व्हय माझं! मी मापाचं सूत म्हणलो. दोन सूत म्हंजी पाव इंच फरक!"

तिचं माहेर शेतात राबणारं. सूत म्हणजे दोरी, एवढंच तिला ठाऊक. जीभ चावली, पण मागे हटली नाही. "आता कापलंच हाय तर दोन्ही अंगांनी लावू, मामा."

मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून तिने दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत नेल्या आणि विटांना बांधून ताणल्या. पुढचं चाक दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध यायला हवं होतं. एकीकडे बोट शिरत होतं, दुसरीकडे नखही शिरेना. खुणा खोट्या होत्या! मागचं चाकच तिरकं बसलं होतं.

चाकाचा मोठा नट सैल केला, बाजूचा चेन ताणायचा छोटा नट पाव फेरा फिरवला, पुन्हा दोऱ्या बघितल्या. जमलं. मोठा नट आवळला, की चाक परत सरकलं. पुन्हा पहिल्यापासून. पाना निसटून बोटाचं सालटं निघालं. अभय म्हणाला, "जेवून घे."

"गाडी सरळ झाल्यावर."

सातव्या खेपेला नट आवळूनही चाक हललं नाही. दौलताबाद रोडवर तिने फेरी मारली, हँडल नुसतं बोटांनी धरून. गाडी नाकासमोर धावली. चेसिसला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. मला तर त्या मेकॅनिकला बोलावून आणावंसं वाटलं.

खुलताबादचा माणूस आला, त्यानेही चक्कर मारली. "लई सरळ पळती. घेतो."

अभयने बायकोकडे बघितलं. "नाय दादा," तो म्हणाला, "उद्या हिला ड्यूटी हाय."

गिऱ्हाईक गेल्यावर रत्नमाला सुताचे दोन तुकडे घेऊन सासऱ्यांपुढे उभी राहिली. "गाठ मारून देऊ का, मामा?"

"गाठीचं सूत गवंड्याच्या काय कामाचं? ठेव तुलाच." मग तुकड्यांकडे बघत म्हणाले, "सत्यभामा तीस वर्षं माझ्या हाताखाली घमेली वाहायची. तुझी सासू. कधीमधी म्हणायची, भिंत वाकडी चाललीय. म्हणलं, बाईमाणसाला काय कळतं. सूत कधी तिच्या हातात दिलं नाय."

"मग भिंत?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "वाकडीच असायची गं."