अप्पांनी भरून दिलेलं अर्धं मिनिट

शिकून गावी परतलेल्या माणसाजवळ दुसरं काही साठो न साठो, अपमानाचे किस्से मात्र भरपूर साठतात. मी दिल्लीहून धारूरला परतलो त्याला वर्ष झालं. माझ्याकडे आता पोतंभर आहेत. त्यातले एकाच कॅसेटचे ऐका.

कॅसेट एका अमेरिकन ग्रंज रॉक बँडची. होस्टेलातल्या मित्राच्या भावाने परदेशातून आणलेली. जिल्ह्यात दुसरी प्रत नाही, पैज लावा! यांचा पहिला अल्बम म्हणजे नुसती आरडाओरड. या नव्या अल्बममध्ये तोच राग लोणच्यासारखा मुरलाय. पाचव्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबतात. अर्धं मिनिट काहीच नाही. मग एकटा आवाज येतो. ते अर्धं मिनिट म्हणजे अख्खा अल्बम!

*

महालिंगअप्पांचं बाजारात कॅसेटचं दुकान. आमचा अड्डा तिथेच. जीपवाला सलीम, माझा शाळेतला मित्र, दोन गाणी ऐकून म्हणाला, "याचा घसा बसलाय का बे? हळद-दूध द्या त्याला!"

मी भडकलो. "देशाचे दरवाजे उघडले, गच्चीगच्चीवर डिश आल्या, तुमचे कान मात्र बंदच!"

सलीम शांतपणे म्हणाला, "त्यो बँड सुधारला. तूच अजून पहिल्या कॅसेटवर हायस."

*

तरी तेलगावच्या फेरीला मीच हट्टाने ती त्याच्या जीपमध्ये लावली. जीपमध्ये अठरा माणसं. पाचवं गाणं आलं, वाद्यं थांबली. "बिघडली!" म्हणत एका मावशींनी टेपवर पिशवी आपटली. नेमका तेव्हाच तो आवाज सुरू झाला.

"बघा, माज्या हाताला गुण हाय!"

सतरा जणांनी माना डोलावल्या. मी संतापून मधल्याच फाट्यावर उतरलो. कॅसेट टेपमध्येच राहिली.

*

सलीमने ती 'दुरुस्तीला' अप्पांकडे दिली.

आता अप्पांचा नियम असा, की कॅसेट भरताना फीत रिकामी सोडायची नाही. शेवटी थोडी जरी उरली, तरी आरती नाहीतर सनई. त्यांनी माझ्या कॅसेटवर पुन्हा भरता यावं म्हणून तिच्या मोडलेल्या खिट्टीवर चिकटपट्टी लावली आणि ते अर्धं मिनिट लग्नाच्या सनईने भरलं. काठोकाठ! मी दुकानात जाऊन ती लावली, तेव्हा हे कळलं.

"अप्पा, कावून केलं असं?"

"आरं, रिकामी फीत गिऱ्हाइकाला देणं म्हंजे मापात मारणं. आज्याच्या किराणा दुकानापासून आमी कुणाला मापात मारलं न्हाई."

"ते रिकामं नव्हतं! मुद्दाम ठेवलेलं होतं! तुम्ही त्या माणसाचं तोंड दाबलंत!" मी अख्ख्या बाजारादेखत ओरडलो.

अप्पांनी चष्मा पुसला. "गप बसण्याला बी माप असतंय व्हय?"

मी कॅसेट काउंटरवर फेकली आणि निघून आलो. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं ठरवूनच.

*

आठ दिवसांनी सलीम ती घेऊन घरी आला. "अप्पानं दिलीय. पाचवं लाव म्हणलं."

लावलं. वाद्यं थांबली. सनई नव्हती. आधी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. अगदी जवळ कुणाचा तरी रोखून धरलेला श्वास. एवढ्यात बाहेरून शटरवर थाप पडली.

"अप्पा, दुकान उघडा की!"

आणि अप्पांची कुजबुज:

"शूऽऽ! थांब बे, रिकामं भरायलोय!"