पोलंडच्या वाट्याची जागा

अभयाची थोरवी आपल्याकडे पुष्कळांनी गायिली आहे. भयाच्या वाट्याला बहुधा निंदाच आली. तरीही आपल्या भाषेने एका भयाला सद्गुणांच्या पंक्तीत मानाने बसविले आहे. ‘पापभीरू’ हा शब्द आपण आदरानेच उच्चारतो. तळवड्याचे रोहिदास हे त्या शब्दाचे सदेह भाष्य होते. दंडाला ते फारसे भीत नसत; आपल्या हातून कोणाचे अहित घडेल आणि ते कोणाला कळणारही नाही, या विचारानेच त्यांची झोप उडे.

घरची जमीन कारखान्यांच्या शेडखाली गेली, तेव्हा शेतकऱ्याचा हा मुलगा आयटीआय करून तिथल्याच एका धातुपरीक्षण प्रयोगशाळेत लागला. पोलादाला आरशासारखी झिलई द्यावी, सूक्ष्मदर्शकाखाली ते न्याहाळावे, त्याचा कठीणपणा मोजावा, हे काम त्यांनी एकतीस वर्षे केले.

काही वर्षांपूर्वी धातूंचा व इतर पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या सहा देशांतील विद्वत्संस्थांनी मिळून एक उपक्रम योजिला. पोलादाची एकच चकती, तळहातावर मावेल एवढी, देशोदेशी फिरवायची. प्रत्येकाने ती मोजायची आणि आकडे जुळतात का ते पाहायचे. एकाचे माप दुसऱ्याला मान्य नसेल, तर ज्ञानाचा व्यवहारच खुंटतो. चकतीवर बारीक रेघांनी सहा भाग आखलेले होते. तीन देशांचे मोजून झाले होते. चौथा भाग भारताचा, मग पोलंडचा, शेवटी ब्राझीलचा. आपल्याकडून या लहानशा प्रयोगशाळेची निवड झाली, ती तिच्या प्रमुख सुखदाबाई यांच्या शब्दावर.

रोहिदासांनी आपला भाग मोजला. चकती पुढे रवाना व्हायची, तोच खंडेनवमी आली. त्या दिवशी या कारखान्यांच्या पट्ट्यातले प्रत्येक यंत्र पूजले जाते. रोहिदासांनी उपकरणांना हळदकुंकू वाहिले आणि परदेशची पाहुणी म्हणून ती चकतीही तेलकागदातून काढून पाटावर ठेवली. करंगळीशेजारचे बोट बोरच्या पाण्यात कालविलेल्या कुंकवात बुडवून तिला टेकविले.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर त्यांनी ती पुसली. डाग जाईना. सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर गंजाचे तीन काळे खड्डे, आणि तेही पोलंडच्या भागात.

“काका, घाम का फुटलाय? एसी चालूय की!” शेजारच्या टेबलावरचा सुजित येऊन डोकावला. “हात्तिच्या! दोन मिनिटं पॉलिश मारा. पोलंडवाला काय मागं येऊन उभा राहणारे का?”

झिलईने खड्डे गेले असते. पण तिन्ही देशांच्या मोजणीच्या खुणांसकट वरचा थरही झिजला असता, पुढचे आकडे किंचित चुकले असते, आणि सहा देशांतील माणसे कारण शोधत राहिली असती. रोहिदासांनी यंत्र सुरू केले. फिरत्या तबकडीच्या वर, न टेकविता, चकती धरून ते उभे राहिले. मग यंत्र बंद करून ते सुखदाबाईंच्या खोलीत गेले.

“मॅडम, माझ्या हातून बांध कोरला गेला.”

“कुणाचा बांध, काका?”

“पोलंडचा.”

सारे ऐकून सुखदाबाई म्हणाल्या, “त्यांनी चकतीच रद्द केली तर? तीन देशांचं वर्षभराचं काम आहे, काका! आणि पुन्हा आपल्याला विचारणार कोण?”

तरी त्या संस्थांना कळवायचे ठरले. पत्र सुखदाबाईंनीच इंग्रजीत लिहिले. रोहिदासांनी ते मराठीत वाचून दाखवायला सांगितले. त्यात ‘ओलाव्याशी आलेला अनवधानाचा संपर्क’ एवढेच होते.

“ह्यात कुंकू कुठं हाय?”

“हसतील हो आपल्याला.”

“हसू द्या. कुंकू, बोरचं पाणी आन् माझं बोट, तिन्ही लिवा. खड्डा कशानं पडला ते कळलं न्हाई, तर त्यांनी आकडा कसा जुळवायचा?”

पत्र गेले. नऊ दिवस उत्तर आले नाही. त्या दिवसांत सुखदाबाईंच्या खोलीतला फोन वाजला, की रोहिदासांच्या हातातला नमुना निसटे. घरी जेवताना ते कुंकवाचे बोट रोहिदास घासाला लागू देत नसत. “कुंकूच लावलंय न्हवं? कुणाचा मुडदा न्हाई पाडला,” जयमालाबाई, त्यांची पत्नी, चिडून म्हणत. ते मान खाली घालून उठत.

दहाव्या दिवशी उत्तर आले. चकती तशीच ब्राझीलला पाठवावी. ज्या कांबीतून ती कापली, तिचाच दुसरा तुकडा पोलंडला दिला जाईल. तीन देशांचे काम ग्राह्य राहील. पुढील फेरीत मात्र या प्रयोगशाळेचा विचार होणार नाही. हे शेवटचे वाक्य सुखदाबाईंनी दोनदा वाचले.

“मंजी त्यांचं वाया न्हाई गेलं,” रोहिदास म्हणाले.

पुढल्या वर्षी ते निवृत्त झाले. गेल्या माघात हृदयविकाराने निवर्तले. प्रयोगशाळेला तसे काम पुन्हा मिळालेले नाही. नमुन्याबरोबर त्या संस्था जो तक्ता पाठवितात, त्यात आता एक रकाना अधिक आहे: नमुना आपणाकडे असताना त्याला कशाकशाचा स्पर्श झाला, ते लिहावे.