ह्यात काय घातलंस?

लालबागला आमच्या चाळीत एक बाई होती. तिच्या हातावर देवाचा प्रसाद ठेवला, तरी ती आधी विचारायची, "ह्यात काय घातलंस?" तोंडावर आम्ही तिला काकू म्हणायचो आणि पाठीमागे 'काय-घातलंस'. तिला दोन्ही नावं ठाऊक होती.

कारण होती तिची नात, मनू. मुलगा-सून कामावर, पोर हिच्याकडे. मनूला दूध, दही, तूप, लोणी काहीच चालायचं नाही. वर्षाची असताना पेढ्याचा कण पोटात गेला, ओठ सुजले, श्वास कोंडला, इस्पितळात नेली म्हणून वाचली, असं काकू सांगायची. मला ते पटत नव्हतं. मी चौथी शिकलेली, पण चार पोरं दुधावर वाढवलेली. दुधाने कोणाचा श्वास कोंडतो? पोरीला दुसराच काही आजार असेल आणि ही लपवतेय, असं मी धरून चालले होते.

चाळीच्या पूजेला मनूच्या वाटणीचा शिरा काकू उभ्या उभ्या स्वतःच खायची, नळावर साबणाने हात धुवायची आणि मग पोरीला केळं सोलून द्यायची. एकदा भटजी म्हणाले, "प्रसादाला नाही म्हणू नये हो."

"मी नाय खंय म्हटलंय? तिच्या वाटणीचो मिया खाल्लंय," काकू म्हणाली.

एकदा मी मुद्दाम मनूसाठी नारळाच्या वड्या केल्या. काकूने वडी नाकाशी धरली.

"वयनी, ह्यात काय घातलंस?"

"खोबरं आणि साखर. विष नाही घातलं."

"आणि ताटाक काय लावलंस?"

ताटाला मी तुपाचा हात लावला होता. सगळ्या बायका लावतात, नाहीतर वडी सुटत नाही. काकूने ताट परत केलं. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. चूक माझी होती, म्हणून राग जास्त.

मग माझ्या भाच्याने अमेरिकेहून चॉकलेटं पाठवली. फोनवर म्हणाला, "मामी, यातलं दूध गाईचं नाही, म्हशीचं नाही. टाकीत तयार करतात, जनावर लागतच नाही." मी म्हटलं, आता बघते काकू काय बोलते! ती नळावर गेलेली बघून मी एक चॉकलेट मनूच्या हातात दिलं. सात वर्षांची पोर. तिने ते नुसतं धरून ठेवलं. "आजी येऊ दे," म्हणाली.

काकू कळशी घेऊन आली. मी सांगितलं, "खाऊ दे, यात गाय नाही."

"गाय नाय, मग दूध खंयसून इला?"

मी तिच्यासमोर भाच्याला फोन लावला, तिला खोटी पाडायला. पोरीचं ऐकून तो घाईने म्हणाला, "मामी, तिला देऊ नका. गाय नाही, पण दुधातलं प्रोटीन तेच आहे. ज्याला दूध बाधतं त्याला हेही बाधतं. पाकिटावर लिहिलंय."

काकू ओरडली नाही. तिने मनूच्या हातातून चॉकलेट घेतलं, पोरीचे हात धुतले, मग अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. "चांगला लागता," म्हणाली. "वयनी, माज्यार संशय घेतंस, तसो जरा दुधार घेत जा."

काकू गेली त्याला आता दोन वर्षं झाली. तेराव्याला खीर लागते. जेवणवाल्याच्या खिरीचं पातेलं मी मनूच्या पानापासून लांब ठेवायला लावलं आणि तिची खीर घरी केली. वाटी तिच्यापुढे ठेवली. अकरा वर्षांची झाली होती. रडून डोळे सुजलेले, तरी वाटीला हात लावेना. सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आजी, ह्यात काय घातलंस?"

"अगं, आजच्या दिवशी तरी!" तिची आत्या म्हणाली.

"विचारू दे," मी म्हटलं. "तांदूळ, गूळ, नारळाचा रस, वेलची. पातेलं नवं, डाव नवा. तूप कशालाच लावलेलं नाही."

मनूने वाटी नाकाशी धरली. मी उभी राहिले. मग तिने पहिला घास घेतला.