कडेचं झाड

आमच्या दादाला एका जागी बसवत नाही. जेवतानाही त्याचा पाय हलत असतो आणि समोरच्याचे डोळे कुठे जातात ते तो बघत असतो. त्याचं पोटच त्यावर आहे म्हणा. त्याच्या ऑफिसात बस शिकायला एक नकली बस आहे. सीट खरी, स्टिअरिंग खरं. डोळ्यांवर जाड चष्मा चढवला की आत कॉम्प्युटरने काढलेला रस्ता दिसतो. सगळंच बारकाईने काढायला गेलं तर कॉम्प्युटर धापा टाकतो. पण माणसाला नजर जिथे असते तेवढंच स्वच्छ दिसतं, कडेचं सगळं अंदाजपंचे. म्हणून चष्म्यातला कॅमेरा बुबुळांवर पाळत ठेवतो आणि जिथे नजर नाही तिथल्या झाडांची पानं दादा छाटून टाकतो. या छाटणीला मी कात्री म्हणते.

सोमवारी मोठं गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून शुक्रवारी त्याने बाबांना नेऊन बसवलं. बाबांनी तीस वर्षं बस चालवली. अजूनही माझ्या लेकीला रोज सकाळी गाडीने शाळेत तेच सोडतात. एवढा खडूस परीक्षक दादाला दुसरा मिळाला नसता. गंमत बघायला मीही गेले.

नवा माणूस बसला की आधी चष्मा त्याच्या नजरेशी जुळवून घेतात. दादाने घाईत ते टाळलं.

"हे झाड की हिरवा बोळा?" बाबा पाच मिनिटांत करवादले. "आणि समोरची पाटी कोणी पुसली?"

दादाने चष्मा स्वतः लावून पाहिला. झाडाचं पान न् पान जागेवर, पाटीही ठळक.

"बाबा, उगाच खोड काढू नका."

"दिसत नाही ते दिसत नाही म्हणायचं नाही का?"

शनिवारभर दादा घरात येरझारा घालत होता. दर दहा मिनिटांनी कॉम्प्युटर उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. मी चहा दिला तर कप हातात घेऊन गॅलरीत गेला आणि तिथेच विसरून आला. मला भयंकर राग आला. एका झाडापायी घर डोक्यावर घ्यायचं म्हणजे काय!

रविवारी नाश्त्याच्या वेळी तो खोलीतून आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला होता. बाबांची नजर कुठे कुठे गेली याची चष्म्यात झालेली नोंद त्याने तपासली होती. पाटी आली की नजर तिच्या डावीकडे. झाड आलं की त्याच्याही डावीकडे. दर वेळी तेवढीच. म्हणून कात्री नेमकी पाटीवर आणि झाडावरच चालली होती. जुळवणी टाळल्याने एवढा फरक पडत नाही, असं तो मला हळूच म्हणाला. मग बाबांसमोर खुर्ची ओढून बसला. पाय हलत नव्हता.

"बाबा, माझ्या नाकाकडे बघा."

"बघतोय की."

"कानाकडे बघताय."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "नाकाकडे बघितलं की तू दिसत नाहीस रे. मधोमध धुकं येतं. कानाकडे बघितलं की चेहरा कळतो. झाले सहा महिने."

"आणि गाडी?" मी ओरडलेच. "माझी पोर असते त्या गाडीत!"

"कडेचं सगळं दिसतं मला. रस्ता पाठ आहे."

"आणि मी असते ना," माझी लेक म्हणाली. ती वाटी चाटत होती. "सिग्नल आला की मी 'लाल' ओरडायचं. आमचा खेळ आहे तो. आईला सांगायचं नाही. मी एकदाच विसरले."

दादाने तोंडावर हात ठेवला.

बाबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबल चाचपत माझ्यापुढे सरकवली. ते माझ्या कानाकडे बघत होते. म्हणजे माझ्याकडे.