नागपुरात घेतलेलं नाव

आमचे सर कोणतीही वस्तू दिसली की आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. लॅबचं टेबल, पाण्याचा माठ, एकदा तर प्राचार्यांची नवी खुर्ची. मग कान लावून म्हणायचे, "ऐकून तर पाहा, बाई." तुमच्याही पाहण्यात असा एखादा शिक्षक आला असेल. चंद्रपूरच्या कॉलेजात मी फिजिक्सची प्राध्यापिका म्हणून नवीन लागले, तेव्हा माझ्या वाट्याला हे आले.

सर मूळचे सावली गावचे. त्यांना एकच ध्यास होता. लोखंडी पत्रा आणि रबर यांचे एकाआड एक थर रचले, तर काही सूर त्यांतून पलीकडे जातच नाहीत; ते का, हे शोधायचं. रबर माझ्या अब्बांच्या सायकलच्या दुकानातून यायचं. सर तिथे स्टुलावर बसून अब्बांना आवाजाच्या लाटा समजावत. अब्बांना त्यातलं थोडंच कळे, पण सर आले की ते चहा मागवत.

एका दुपारी अडायला हवा तो सूर पलीकडे स्पष्ट ऐकू येऊ लागला. माइक बिघडला म्हणून सर वैतागले. मी एकेक थर काढून पाहिला. मधलं एक रबर चुकून जाड आलं होतं. ते बदललं की सूर बंद. परत घातलं की तेवढाच एक सूर आरपार. सर लहान मुलासारखे हसले.

"हे तुमचं हाय, बाई. नागपूरच्या परिषदेत तुम्हीच सांगजा."

नागपुरात व्यासपीठावर सर चढले. जाड थराची गोष्ट आपल्याच लक्षात आली, असं त्यांनी सांगितलं. माझं नाव कुठेच आलं नाही. टाळ्या पडल्या. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, तेव्हा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मोठ्या लोकांसमोर दोन नावं चालत नाई, बाई."

सरांनी तुझं नाव घेतलं का, अब्बांनी घरी आल्या आल्या विचारलं. मी हो म्हणाले. त्यांच्या तोंडावरचा आनंद पुसणं मला जमलं नाही.

त्यानंतर मी सरांबरोबर लॅबमध्ये बसणं सोडलं. त्याच कामाच्या जोरावर त्यांना दुसऱ्या गावी प्राचार्यपद मिळालं. निरोप घ्यायला ते दुकानात आले तेव्हा मी तिथेच होते. अब्बांनी हातातलं चाक बाजूला ठेवलं.

"सर, इतक्या लोकांत तुम्ही आमच्या पोरीचं नाव घेतलं. बहुत मोठं दिल हाय तुमचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी सांगतील.

"घ्यावंच लागते न, भाऊ," ते म्हणाले.

चहा संपवून सर निघाले. अब्बा त्यांना पोचवायला पार बसस्टँडपर्यंत गेले.