जीप हुंगणारी गाय

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं, तेव्हा पुनर्वसनाच्या वस्तीत आलेली एक मावशी एकटीच राहायची. सोबतीला तांबडी, बुटकी गावठी गाय. मी तेव्हा त्या भागात सरकारी पशुवैद्य होते. आमच्या पथकानं त्या तांबडीच्या गर्भाशयात साहिवाल या थोराड, दुधाळ जातीच्या गाईचा भ्रूण सोडला आणि तो टिकला.

मावशीनं तेव्हाच विचारलं होतं, "मॅडम, वासरू इचं म्हनाचं का त्या दुसरीचं?"

"रक्त दुसरीचं मावशी. हिचं फक्त पोट."

"हे इले कोन सांगन?"

मी हसले होते.

दिवस भरून वर गेले तरी तांबडी विण्याचं लक्षण दिसेना. हात घालून तपासलं, तर वासरू अंगानं मोठं लागलं. आणखी वाढू दिलं असतं तर दोघांच्या जिवावर बेतलं असतं. म्हणून कळा आणायचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला, "लवकर या. गाय उठबस करून राहिली."

आम्ही पोचलो तेव्हा पाणमोट फुटून वासराचे पुढचे खुर दिसत होते. पायांना दोरी बांधली. गाय कळ द्यायची तेव्हाच ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. मावशी तिचं डोकं धरून बसली होती. "दे माय, दे जोर," एवढंच म्हणत होती. डोकं आलं, खांदे अडले, मोठ्या मुश्किलीनं सुटले आणि कालवड भाताच्या तणसावर घसरली. निपचित. मी नाकातला चिकटा काढला, तणसाची काडी नाकपुडीत फिरवली, छाती चोळली. ती शिंकली. तांबडी धडपडत उठली आणि तिला चाटत सुटली. हंबरत नव्हती. घशातल्या घशात बारीक आवाज काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालवड गेली.

कारण शोधणं भाग होतं. पोत्यात घालून जीपच्या मागच्या बाजूला ठेवली आणि शवविच्छेदनासाठी भंडाऱ्याला नेली. तांबडी दावं ताणून बघत होती. फुप्फुसांत पाणी निघालं. इंजेक्शन दिलं नसतं तरी वाचली नसती, असं वरिष्ठ म्हणाले. मलाही ते पटलं.

काही दिवसांनी गाय तपासायला गेले. जीपचा आवाज ऐकून तांबडी बोडीच्या तळ्याकाठावरून पळत आली. मागच्या दाराला नाक लावून तिनं तोच बारीक आवाज काढला. नंतर दर खेपेला तेच. मावशी म्हणाली, "तिले वाटते, तुमी वापस आनलं असन." मी जीप सडकेवर ठेवून पायी जायला लागले.

पुढं तांबडीला साध्या वळूपासून गोऱ्हा झाला. कोणाची मदत लागली नाही. आता विसरली असेल, म्हणून मी जीप दारापर्यंत नेली. पिणाऱ्या गोऱ्ह्याला सोडून ती आली.

"उघडा मॅडम," मावशी म्हणाली. "पाहू द्या तिले एक डाव."

मी मागचं दार उघडलं. आत औषधांची पेटी आणि दोरीचं भेंडोळं. तांबडीनं मान आत घातली, कोपरान् कोपरा हुंगला, बराच वेळ उभी राहिली. मग वळून गोऱ्ह्याकडे गेली. मला वाटलं, कळलं तिला.

पुढच्या खेपेला ती पुन्हा आली.